उजेडाविना गेलेला

वालेआ रेचे,
९ नोव्हेंबर १९९४

चि. ओतिलिया हिला आजीचे अ. आ. वि. वि.

पत्र पाद्रीबाई लिहिताहेत. मी बोलते तसंच उतरवा, असं बजावलंय. पण त्यांच्या नवऱ्याचा विषय निघाला की बाईंचं पेन अडतं, हे ध्यानात ठेवून वाच.

मला झोप नाही, पोरी. तुझ्या बापाची कबर उघडायची म्हणतात. ऑगस्टात रानात झाड अंगावर पडून माझा सिमिऑन गेला, तेव्हा त्याच्या हातात पेटती मेणबत्ती नव्हती. उजेडाविना गेलेला माणूस अंधारात वाट चुकतो आणि माघारी येतो, हे तुला मी काय सांगू? शेजारच्या गाव्रिलाला तो खिडकीत दिसतो. हात पुढे करून उभा राहतो, बोलत काही नाही. त्यातच गाव्रिलाची बायको अंथरुणाला खिळली, गाय आटली. झालं, सिमिऑन पिशाच्च झाला. २९ला संत आंद्रेईची रात्र, पिशाच्चं मोकळी सुटतात ती. तिच्याआधी कबर खोदून माझ्या लेकाच्या काळजात लाकडी मेख ठोकायची, असं ठरलंय. पुढाकार गाव्रिलाचा, कारण रानात त्या वेळी सोबत तोच होता.

पाद्रीबुवा म्हणाले, धर्माला हे मान्य नाही. आणि कबर खोदायच्या दिवशी ते आजारी बहिणीला भेटायला जाणार आहेत. (अडलं पेन.)

तू त्या इंग्रजी पिशाच्चाच्या कादंबरीतल्या क्रूसावर आणि प्रसादावर एवढा प्रबंध लिहितेस, तर कबर न उघडता सुटायचा उपाय त्यात असला तर कळव. नसला तर त्या लेखकाला विचार, आमच्या डोंगरात येऊन तो किती दिवस राहिला होता.

जेवत जा. आजीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी
वेतुरिया

क्लुज,
१६ नोव्हेंबर

ती. आजीस ओतिलियाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. पोलिसांकडे जावं म्हटलं, तर मैत्रीण म्हणाली की तुमच्याकडचे पोलीसही संत आंद्रेईच्या रात्री दाराला लसूण चोळतात. प्रबंधाची तोंडी परीक्षा २८ला आहे. ती सोडून निघू का, तेवढं सांग.

लेखक कधीच वारला, आणि इकडे तो कधी फिरकलाच नव्हता. त्याच्या कादंबरीत गळ्यातला क्रूस दाखवला की पिशाच्च मागे हटतं. शवपेटीत प्रसादाची भाकर ठेवली की त्याला परत आत शिरता येत नाही. एका बाईच्या कपाळाला ती भाकर लावतात तर कातडं भाजतं. पवित्र वस्तू तिथे हत्यारासारख्या वापरतात, असं मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. आता बाबांचा चेहरा समोर येतो आणि एक ओळ पुढे सरकत नाही.

पण क्रूसापुढे पिशाच्च टिकत नाही, हे गावातही सगळे मानतात. गाव्रिलाकाकांच्या खिडकीवर क्रूस आहे. बाबा तो पाहून मागे सरतात का, एवढं विचार.

आणि आजी, तुला खरंच वाटतं का ते येतात? येत असतील तर माझ्याकडे का येत नाहीत?

स्वतःला जप. माझ्यावरचा राग-लोभ दोन्ही असू दे.

तुझी
ओतिलिया

वालेआ रेचे,
२५ नोव्हेंबर

चि. ओतिलियास अ. आ.

परीक्षा सोडू नकोस. कबर बंद आहे, बंदच राहील.

तुझं पत्र ऐकलं. भाकर कपाळाला लावणाऱ्यांना सांग, ती खायची असते. मग पाद्रीबाईंना घेऊन तडक गाव्रिलाकडे गेले. अंगणात बसून मेखेला टोक काढत होता. तुझा प्रश्न त्याला विचारला. म्हणाला, सिमिऑन मागे सरत नाही. आधी स्वतः क्रूसाची खूण करतो, मग हात पुढे करतो. मी म्हटलं, अरे शहाण्या, क्रूसाची खूण करणारं पिशाच्च माझ्या नातीच्या पुस्तकातसुद्धा नाही. मग तो मागतोय तरी काय?

गाव्रिलाने कुऱ्हाड खाली ठेवली. म्हणाला, "काकू, मेणबत्ती माझ्या खिशात होती."

रानात जाणारे सगळेच तुकडा बाळगतात. झाडाखालून सिमिऑन हात पुढे करून तोच मागत होता. याने दिला नाही. माणसं आणतो म्हणून पळत सुटला. ती पेटवली तर तू मरतोयस असं त्याला तोंडावर सांगितल्यासारखं झालं असतं, म्हणे. परत आला तेव्हा सगळं आटपलं होतं.

तू विचारलंस, बाप तुझ्याकडे का येत नाही. तुझ्याकडे त्याचं काही राहिलं नव्हतं, पोरी.

काल दुपारी गाव्रिला सगळ्यांसमोर कबरीवर हे बोलला आणि तोच तुकडा त्याने पेटवला. पाद्रीबुवाही हजर होते, बहीण एकाएकी बरी झाली. (हे बाईंनी मुकाट्याने लिहिलं.) त्याने मेणबत्ती पेटवली की भर गावात त्याच्या थोबाडीत द्यायची, असं मी घरूनच ठरवून गेले होते. हात उचललाही. तेवढ्यात वारा आला, ज्योत आडवी झाली, आणि तोच हात मी तिच्या आड धरला. तुकडा संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.

तळवा अजून हुळहुळतोय. आहे ती माया तशीच राहू दे.

तुझी आजी
वेतुरिया