एकशे अडतिसावी गाडी

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

सकाळपासून अकरा नंबरपाट्या! नवं साल लागलं की अख्ख्या आयर्लंडला नवी गाडी हवी. पाटीवर २६१, म्हणजे सव्वीस सालची पहिली सहामाही, झळकली पाहिजे, नाहीतर शेजारी म्हणतील यांचं काही खरं नाही. सगळ्यांचे कागद मीच भरते. या शोरूममध्ये बावीस वर्षं झाली. यंदा नुसते हात चालतात.

मालक मॅलकी — शाळेतला सोबती, त्यामुळे अरेतुरे — टेबलावर वाकून पुन्हा म्हणाला, "डर्व्हला, महिनाअखेर तीस गाड्या. एकोणतीस झाल्या तरी कंपनी एजन्सी काढून घेणार. मग तू नि मी मेंढ्या राखू." मी हसले नाही. एरवी हसले असते.

आईला जाऊन सात आठवडे.

शनिवार, ३ जानेवारी

बाबांचा फोन. नाताळात मी त्या तीस गाड्यांचं रडगाणं गायलं, तेव्हा म्हणाले होते, "मला नको यंदा, मी कुठं जातोय!" आज म्हणे, "पाठव एक. रंग कुठलाही." रंग कुठलाही? मागच्या गाडीच्या रंगावरून आईशी आठवडाभर अबोला धरला होता!

वय एक्याऐंशी. या वयात लायसन्ससाठी डॉक्टरांचा कागद लागतो. मी विचारलंच नाही. मला गाड्या खपवायच्या होत्या.

मंगळवार, ६ जानेवारी

बाबांची गाडी पोचवली. २६१, मग लीट्रिमचं एल.एम., मग १२. म्हणजे जिल्ह्यातली यंदाची बारावी. निघताना मीटरवर सहा किलोमीटर होते. बाबांचं घर तिथून चौदा. मीच चालवत नेली आणि जुनी घेऊन परत आले. किल्ली फाटकातच हातात दिली.

"चहा टाकतो."

"घाई आहे, बाबा."

घाई कसली! आईच्या स्वयंपाकघरात पाय टाकायचा नव्हता. अंत्यसंस्कारानंतर टाकलेला नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

रोज संध्याकाळी बाबांचा फोन. दिवसभरात दिसलेल्या पाट्या सांगतात. मी लहान असल्यापासूनचा आमचा खेळ. "दूधवाल्या क्विननं घेतली बरं का! एल.एम. एकोणसत्तर!" मी हं म्हणते. निदान बाहेर तरी पडतायत.

बुधवार, १४ जानेवारी

देशाचे आकडे आले. विक्री वर, इलेक्ट्रिक वर, डिझेल आणखी खाली. आमच्याकडे सकाळपासून एकच म्हातारा शेतकरी. इलेक्ट्रिक गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टायरला लाथ घातली. "आणि मेंढ्यांची ट्रॉली काय वायरीनं ओढू?" कॉफी पिऊन गेला.

आमच्या तेवीस. गावात रोज नवनव्या पाट्या दिसतात. लोक घेतायत, आमच्याकडून नाही. वाईट वाटायला हवं.

सोमवार, १९ जानेवारी

मॅलकीनं सात गाड्या शोरूमच्याच नावावर चढवल्या. एकशे अडतीस ते एकशे चव्वेचाळीस. "कागदावर विकल्या, म्हणजे विकल्या," म्हणाला. पाट्या मीच लावल्या. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवल्यात सगळ्या. तेवीस खऱ्या, सात खोट्या — तीस झाल्या! मॅलकीनं केक आणला. मी खाल्ला. कसला होता आठवत नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

बाबा, फोनवर, अगदी खुशीत — "फादर मेहननं नवी घेतली! चर्चबाहेर उभी होती. एकशे अडतीस!"

एकशे अडतीस तर आमच्या शेडमध्ये आहे. ती रस्त्यावर आलेलीच नाही!

"नक्की एकशे अडतीस, बाबा?"

"मी काय आंधळा आहे?"

फोन ठेवला. त्यांना दिसत नाहीये. अंदाजानं आकडे ठोकून देतायत. आणि चर्चपर्यंत गाडी नेतायत, शाळेच्या रस्त्यानं. ती गाडी मी विकली त्यांना.

शुक्रवार, २३ जानेवारी

डॉक्टरांना फोन करायचा होता. केला नाही. किल्ली काढून घेतली तर त्या माळावर एकटे कुजतील. नाही घेतली तर एखादं पोर चाकाखाली येईल. सगळं कळतंय, पण भीतीसुद्धा नीट वाटत नाहीये. काय झालंय मला?

शनिवार, २४ जानेवारी

आजही फोन. एकशे एकावन्न. मी हं म्हटलं.

रविवार, २५ जानेवारी

बाबांच्या घरी गेले. किल्ली दारामागच्या खिळ्याला होती. न विचारता घेतली, गाडी सुरू केली. मीटरवर वीस किलोमीटर. सहा आणि चौदा. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही.

बाबा भिंतीला हात लावत दारापर्यंत आले. "ऑक्टोबरपासून दिसत नाही गं नीट. गाडी तुझी आईच चालवायची. पाट्याही तीच वाचायची, मी फक्त तुला सांगायचो. आता ब्रेड-दूध शेजारची ब्रायडी आणून देते. मी कुठंच जात नाही. मग फोनवर तुला सांगणार काय?"

मग आत जाता जाता म्हणाले, "तुझ्या तीस झाल्या ना?"

झाल्या, म्हटलं. आणि रडू फुटलं, आई गेल्यापासून पहिल्यांदा. तिच्या स्वयंपाकघरात, तिच्याच खुर्चीत.