नॉर्विचला गेलेली मरिफे मागच्या खोलीत

सान बास्तियान,
रविवार, १२ ऑक्टोबर २००३

मानांग फेलिंग, थोरल्या बहिणीला धाकट्या क्रिसान्तोचा हात जोडून, मान लववून, कान धरून नमस्कार.

आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, कारण गेल्या पत्रात ती राहून गेली आणि तू तीन पानं रागावलीस. कसे आहेत गुडघे? नॉर्विचच्या त्या गारठ्यात अजून वॉर्डाचे जिने चढतेस की आता लिफ्ट दिली? इकडे आम्ही खुशाल. एर्लिंदाची दाढ काढली (काढल्यावर बोलणं कमी होईल असं मी डेंटिस्टला म्हणालो, ते तिने ऐकलं, आणि दोन दिवस माझ्या पानात नुसता भात). शाळेत मी अजून भूगोलच शिकवतो आणि पोरं अजून आफ्रिकेला देश म्हणतात. आमची लेक मरिफे नमस्कार म्हणून तुझा हात दुरूनच कपाळाला लावते. तुझ्या हॉस्पिटलकडून यायच्या तिच्या नोकरीच्या पत्राचं विचारशील, तर काय सांगू? मनिलाचा एजंट फोनवर "पुढच्या आठवड्यात, सर" एवढंच म्हणतो. जून महिन्यापासून त्याचा पुढचा आठवडा काही उगवत नाही.

पण मानांग, मधल्या काळात इथे जे झालं ते मी तुला कळवलेलं नाही. आता कळवतो. खुर्चीत बस आणि मग वाच.

मरिफेचं नाव नर्सिंगच्या कॉलेजात घालायला गेलो तो दिवस मला अजून डोळे मिटले की दिसतो. सकाळी सातला रांगेत लागलो, दुपारी तीनला खिडकी दिसली. सगळा इलोइलो आपापली मुलगी घेऊन आला होता. एका वर्गाच्या नऊ तुकड्या, आणि प्रत्येक बापाच्या डोळ्यांत एकेक विमान. आमच्या पुढे कोण उभं असावं? आपल्या गावचे डॉक्टर गायार्दो! मला वाटलं, मुलीला घेऊन आलेत. छे! स्वतःचंच नाव घालत होते. "सर, परदेशात डॉक्टर म्हणून मला कुत्रं विचारत नाही हो. नर्स झालो तर विमानतळावर न्यायला येतील," असं म्हणाले आणि एकावन्नाव्या वर्षी पांढरे बूट घालून मरिफेच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसले. (बिछाना घालण्याच्या परीक्षेत नापास झाले. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते मरिफेने त्यांना आमच्या बाकड्यावर शिकवलं. पंचवीस वर्षं गावाला औषध देणारा माणूस आमच्या अंगणात चादरीशी झटापट करत होता आणि एर्लिंदा त्यांना "डॉक्टर, उलटी बाजू" म्हणत होती.) आता ते टेक्सासला आहेत आणि आपल्या सरकारी दवाखान्याच्या दाराला कुलूप आहे. चार वर्षांच्या फीसाठी तुझे पौंड आले, माझी म्हैस गेली, आणि पुढे मरिफे इलोइलोच्या एका हॉस्पिटलात अनुभव म्हणून वर्षभर राबली तर पगार दूरच, उलट शिकवण्याची फी द्यावी लागली. तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण लिहिताना मला बरं वाटतं.

तर मे महिन्यात एजंट म्हणाला, दहा जूनला नक्की. नक्की म्हणजे नक्की, असं समजून आम्ही निरोपाचं जेवण दिलं. एक डुक्कर अख्खं भाजलं, शेवयांचं घमेलं केलं, गावप्रमुख कॅप्टन साहेबांचं भाषण झालं, आणि समोरची तिया बेलेन इतकी रडली की तिलाच वारा घालावा लागला. कुणी नॉर्विचच्या भाच्यासाठी सुकी मासळी दिली, कुणी लिव्हरपूलच्या (मी सांगून दमलो की ती दोन गावं शेजारी नाहीत, पण माझा भूगोल फक्त शाळेत चालतो). जीपमध्ये सव्वीस माणसं कोंबून तिला धक्क्यावर बोटीत बसवलं. मनिलात एजंट तिला म्हणाला, हॉस्पिटलचं पत्र यायचंय, तीन आठवडे लागतील, तोवर घरी जाऊन या. पाचव्या दिवशी, भर दुपारी, सगळी गल्ली पंख्याखाली आडवी असताना, डोक्यावरून ओढणी घेऊन पोरगी मागच्या दाराने घरात आली.

आता तू म्हणशील, सरळ सांगून टाकायचं. मानांग, एकोणीस वर्षं तिकडे राहून तू गल्ली विसरलीस. निरोपाचं जेवण एकदा लोकांच्या पोटात गेलं की माणूस गेला. सुतार दोमिंगचा थोरला आठवतो? जेवण घालून रियाधला निघाला, तपासणीत अडकला, आठव्या दिवशी परत. आज त्याला तीन मुलं आहेत आणि गल्ली अजून त्याला "शेख" म्हणते. त्याच्या बायकोलाही! तेव्हा आम्ही तिघांनी ठरवलं, तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे, मरिफेने मागच्या खोलीत राहावं. त्या तीन आठवड्यांचे चार महिने झाले.

आणि खरा घोळ पुढेच आहे. संध्याकाळ झाली की लोक अंगणात येऊन बसायचे, तिया बेलेन सगळ्यांच्या आधी. "काय सर, पोरीची काही खबर?" पहिल्या दिवशी मी म्हणालो, पोचली. दुसऱ्या दिवशी म्हणालो, थंडी आहे. त्यावर कुणाचं समाधान होईना. मग मी भिंतीवरचा जगाचा नकाशा अंगणात आणून टांगला आणि सांगायला लागलो. इथे पाच वाजले, म्हणजे तिथे सकाळचे दहा. मरिफे आता खिडकीपाशी उभी आहे, बाहेर नदी आहे, नदीवर बदकं आहेत, सगळं राखाडी आणि मऊ आहे, जणू कुणी गावावर ब्लँकेट घातलंय. वॉर्डात म्हातारी माणसं तिला नावाने हाक मारतात. दुपारी ती तुझ्याकडे चहाला येते, तू तिला लोणी लावून पाव देतेस. हे सांगताना आतून तळलेल्या केळ्यांचा वास येत असायचा, कारण नॉर्विचची नर्स आत केळी तळून खात बसलेली असायची. मी फारच वाहवत गेलो की ती बांबूच्या भिंतीवर कंगवा वाजवायची. (राणीने तिला बघून हात हलवला असं मी एकदा म्हणालो, तेव्हा कंगवाच मोडला.) पण खरं सांगू, मानांग? हळूहळू मला ती तिथेच दिसायला लागली. शाळेत मधल्या सुट्टीत मी घड्याळातून सात तास वजा करायचो आणि मनात म्हणायचो, झोपली असेल पोर, उठवू नका कुणी. मग घरी आल्यावर ती समोर दिसली की मला क्षणभर कळायचंच नाही की ही कधी आली. रात्री जेवताना मीच तिला विचारायचो, आज बर्फ पडला का गं? (तिकडे उन्हाळा आहे हे भूगोलाच्या मास्तरला ठाऊक होतं, पण बर्फाशिवाय विलायत कसली?) आणि तीही वेडी, भाताचा घास हातात धरून म्हणायची, थोडासा पडला, तातय. आमचे इतके चांगले दिवस पूर्वी कधी गेले नव्हते.

ऑगस्टच्या शेवटी सगळं उघडं पडलं. मी त्या दिवशी बर्फाचं सांगत होतो, अगदी रंगात आलो होतो. तिया बेलेनला मधुमेह आहे हे तुला माहीत आहे. सकाळी गोळी घेतली, दुपारी चर्चमध्ये मिसला गेली, परतताना कुणाच्या तरी सुनेची निंदा करण्यात जेवण राहिलं, आणि तशीच अंगणात येऊन बसली. मी म्हणत होतो, बर्फात बोटं कशी बधिर होतात, आणि ही बाई दरदरून घामाने भिजली, थरथरायला लागली आणि बाकड्यावरून घसरली. लोक उठले, ओरडले, कुणी दवाखान्याकडे धावलं (कुलूप बघायला), आणि मी काय केलं? मी नकाशा गुंडाळला. सत्तावीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि नॉर्विचहून मरिफे आली. घरचा झगा, डोक्याला तेल, पायात काही नाही. मला म्हणाली, "तातय, सरका!" असा आवाज तिने बापाला कधी लावला नव्हता. तिने बेलेनचं डोकं मांडीवर घेतलं, गिळता येतंय ना ते पाहिलं, आणि साखरेचं पाणी चमच्याने थोडं थोडं पाजत राहिली. तिचा हात जराही हलत नव्हता. दहा मिनिटांनी तिया बेलेनने डोळे उघडले, वर मरिफेचं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, नॉर्विच एवढं गरम असतं होय?"

मला वाटलं, आता गल्ली आपली सालटी काढणार. पण बेलेन उठून बसली आणि म्हणाली, सर, रोज तीन माणसांचे कपडे दोरीवर वाळतात, आम्हाला काय डोळे नाहीत? सगळ्यांना पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. मग येत कशाला होता, असं मी विचारलं. तर म्हणे, छान सांगता हो तुम्ही. तेव्हापासून आमच्या मागच्या दाराला गल्ली नॉर्विच म्हणते. "जरा नॉर्विचला जाऊन दाब मोजून येते," असं म्हणत बाया येतात. कुणाची जखम, कुणाचं तापलेलं पोर, पोस्टमनचा रक्तदाब. मरिफे वहीत सगळ्यांची नावं लिहिते, रागावते, हसते. फी म्हणून अंडी येतात. तिच्या चेहऱ्यावर जे तेज आलंय ते पदवी मिळाली त्या दिवशीही नव्हतं.

तर असं आहे सगळं. हॉस्पिटलचं पत्र येईल तेव्हा येईल, आम्हाला घाई नाही. तूही एजंटाला उगाच फोन करत बसू नकोस. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा धाकटा भाऊ,
क्रिसान्तो

ता. क. पत्र आलंय. एक तारखेलाच आलं. मी ते शाळेत नकाशांच्या कपाटात ठेवलंय आणि किल्ली माझ्या गळ्यात आहे. एकतीस तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे. मानांग, आजवर तुझ्याकडे पैसे मागितले, दुसरं काही मागितलं नाही. आता एक मागतो. तू तिला लिही की जागा भरली. तुझं ती खरं मानेल. गावात डॉक्टर नाही, बेलेनसारख्या किती तरी बाया आहेत, हे सगळं मी तुला कारण म्हणून लिहिणार होतो, आणि ते खोटंही नाही. पण खरं कारण मीच आहे. मला तिला खोटंखोटं पाठवायला फार आवडलं. खरोखर पाठवायला जमत नाही. तू गेलीस तेव्हा बाबा धक्क्यावरून घरी आले आणि तुझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली, ते मी पाहिलंय.

ता. क. (सोमवार सकाळ) वरचं सगळं रद्द समज. आज पहाटे मरिफे आईला बेलेनची साखर मोजायला शिकवत होती. "मी नसले म्हणजे" असं दर दोन वाक्यांनी म्हणत होती. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मला माझीच लाज वाटली. तसाच शाळेत गेलो, कपाट उघडलं आणि पत्र आणून तिच्या हातात दिलं. आत्ताच पोस्टमनने दिलं असं म्हणालो. मानांग, तिला इतकं आश्चर्य वाटलं! पाकीट छातीशी धरून मटकन खाली बसली. एर्लिंदा रडली, मी नाकाला सर्दी झाली म्हणालो. तिया बेलेन आली आणि म्हणाली, पहिलं जेवण पचून चार महिने झाले, आता दुसरं डुक्कर घ्या. घेणार आहे. तिला घ्यायला स्टेशनवर तूच जा, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. हे पत्र चिकटवून पोस्टात टाकायला मरिफेकडेच देतोय.

ता. क. तिया फेलिंग, मी तुमची भाची मरिफे. पोस्टाच्या पायरीवर बसून लिहितेय. पाकीट उघडून वाचलं, रागावू नका. पत्र आलंय हे मला एक तारखेलाच कळलं होतं. पोस्टमन दुपारी दाब मोजून घ्यायला आला तेव्हा त्यानेच माझं अभिनंदन केलं. मी ठरवलं होतं, तातयनी स्वतःच्या हाताने दिलं तर जायचं, नाही दिलं तर इथेच राहायचं. मागायचं नाही. अकरा दिवस गेले. (पहाटे आईला "मी नसले म्हणजे" म्हणत होते ते फक्त पलीकडच्या वाडीत कुणाला बघायला गेले तर, एवढंच; तातयनी भलतंच ऐकलं.) काल रात्री मला वाटलं, आता काही ते देत नाहीत, आणि मला इतकी गाढ झोप लागली, इतकी गाढ, की लहानपणानंतर तशी कधी लागली नव्हती. हे त्यांना कधीही सांगू नका.