ओटीतला नारळ

शुक्रवार, १४ मार्च २००३
इंदिरानगर

आज माझ्या हातून हे काय होऊन बसलं. विंचूरचे एक कांद्याचे व्यापारी बायकोला घेऊन घर बघायला आले होते. नुसतं बघायला. घर विकायचंय हे खरं, धाकट्या भाऊजींना त्यांचा वाटा हवाय. पण ह्यांना अजून एकदोन गिऱ्हाइकं बघायची होती. निघताना त्या बाई म्हणाल्या, "येते वहिनी." पहिल्यांदा घरी आलेली सवाष्ण, तिला तशीच कशी पाठवू? सवयीने ओटी भरली. तांदूळ, ब्लाउजपीस आणि नारळ. नारळ आपल्याच झाडाचा, मामंजींनी लावलेल्या.

व्यापारी ह्यांना हात जोडून म्हणाले, "आमच्या लक्ष्मीची ओटी भरली तुम्ही, आता घर आमचंच झालं. दलाल नाय, चेक नाय, सगळे रोख देतो." आणि इसार म्हणून नोटांचं पुडकं सरळ आमच्या देवापुढे ठेवलं. भाव त्यांनीच बोललेला, कमीच. मी ह्यांच्याकडे बघत राहिले, हे त्या बाईंच्या पदरातल्या नारळाकडे.

ओटी आम्ही येईल तिची भरतो, एवढं तरी सांगायचं. का नाही सांगितलं मी? आता देवापुढचे पैसे उचलून परत कसे करायचे?

जेवताना हे एवढंच म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही." रागावले असते तर बरं झालं असतं.

आत्ताच मागे नारळ पडल्याचा आवाज आला. एरवी लगेच उचलून आणला असता. आता तो आपला की त्यांचा, कोणाला विचारू?