क्रांतीची सर्व्हिस आणि कबनूरची पावणं

रविवार, ता. ५ जानेवारी

पहिली आली ती शालूबाईच! तिचा भाऊ रिक्षातनं उतरतोय तवर ही चपला काढून आत — "जयभीम मीनाबाई, च्या ठेवा की!" भाऊ म्हंजे आमचा जावई, आदर्श. माझी लेक दीक्षा जाऊन चार वर्सं झाली, त्यात ह्यो दुसऱ्यांदा उंबऱ्यात. तिच्या फोटोकडं पाठ करून बसला. दुसरं लगीन केलंय, जुळी झाल्यात. आता क्रांतीला कबनूरला न्यायचं म्हणत्यात! माझ्या नातीला!

शालूबाई म्हणती, "अकरा वर्साची झाली. बापाच्या घरी नको?"

म्हटलं, "इतकी वर्सं बाप कुठं हुता?" आदर्शनं मोबाईल काढला.

तेवढ्यात पोरगी रॅकेट घेऊन दारात. शालूबाई म्हणती, "हे काय, डास मारायचं?" मला हसू आलं, खोटं कशाला लिहू. दिसतंय तसलंच!

"कबनूरात टेनिस हाय का?" म्हटलं.

"टेनिस काय खायाचं हाय?"

पोरगी देत न्हाय म्हणून सांगितलं. "परत येतो" म्हणून गेली. कवा ते बोलली न्हाईत. बरं झालं.

मंगळवार, ता. ७

क्लबातलं कोर्ट सारवलं. पंधरा वर्सं मीच सारवते. शेण पातळ झालं की धूळ उडती, घट्ट झालं की पोपडं निघत्यात — विजयसिंह सरांनाबी मीच शिकवलं! म्हणून तर ते क्रांतीला टेनिस शिकवत्यात.

रॅकेटची मूठ कशी धरायची? पावण्याशी हात मिळवतो तशी. ही लाटणं धरल्यागत धरायची, आता सुधारली. गुडघं वाकवायचं, टाचा उचलायच्या, नजर चेंडूवर. पण चेंडू आला की ही मागं मागं सरकती! सरांना उमगंना. मला उमगलं की! माझ्यासंगं सारवती न्हवं का — वल्यात पाय पडू नये म्हणून मागं सरकायची सवय. सर वरडले, "क्रांती, वाळलंय कोर्ट! पुढं ये!" मी शेणाची पाटी टाकून हसले. हसताना पोटात कळ आली. खाली बसले.

शुक्रवार, ता. १०

आज नऊ चेंडू जाळीवरनं पलीकडं! सर म्हणत्यात, जोरात मारायला जाऊ नको, नुसता परत पाठव, चुकंल ते समोरचं.

सकाळी पोटाचा फोटो काढून आले. क्रांतीला म्हटलं, रेशनला गेलते.

सोमवार, ता. १३

डॉक्टर म्हणाले, "आज्जी, संगट कोण आलंय?"

"कोण न्हाय. मलाच सांगा."

मग कागदावर बोट ठेवून सांगितलं. गाठ लिव्हरपतोर गेलीया. कापून उपेग न्हाय. किती दिस, इचारलं. "पावसाळ्यापर्यंत, फार तर," म्हणाले.

येताना बसमधी बसायला जागा मिळाली तरी उभीच राहिले. क्रांती दारात रॅकेट घेऊन. "आज्जी, रेशन कुठाय?" म्हटलं, संपलंतं गं.

बुधवार, ता. १५

आज सर्व्हिस. हिचा चेंडू कवा डोक्यामागं, कवा सरांच्या पायावर! सर म्हणाले, "फेकू नको. हात सरळ वर ने, आणि वर गेल्यावर नुसता सोड. घट्ट धरलंस की वाकडा जातो." दोन पाट्या सारवायच्या हुत्या, मी तशीच बघत उभी. किती बारी केलं पोरीनं! शेवटी सरळ गेला, हिनं मारला, बरोबर चौकोनात! "आज्जी, बघितलंस?" — कोर्टभर पळाली. सरळ पुढं!

बघितलं की. दीक्षाबी असंच वरडायची.

कोर्टावरनं वर येताना मला जिना चढवंना. क्रांतीनं पाटी घेतली. तिच्या हातनं पाटी उचललेली बघवंना मला.

गुरुवार, ता. १६

आज मीच शालूबाईला फोन लावला. पोरगी घेऊन जावा म्हटलं. जुळ्यांच्या मागं राबवू नका, साळा तोडू नका. आणि रॅकेट संगं येणार — ती डास मारायची न्हवं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मीनाबाई, तुम्हाला काय झालंय?"

सांगितलं.

क्रांतीला अजून न्हाय.

रविवारी येतो म्हणाल्यात. ता. १९, सकाळी दहाला.