काचेखालचा नंबर

कर्वेनगर,
३१ मार्च २००३

श्री. शुभंकर यांस,

'सप्रेम नमस्कार' लिहायची सवय घटस्फोटाबरोबरच सुटली.

'कंपनी मी एकट्यानं उभी केली,' ही तुमची मुलाखत वाचली. छान. मग मार्केट यार्डातल्या प्रत्येक गाळ्यात, टेबलाच्या काचेखाली, माझ्या अक्षरात माझ्या घरचा नंबर कसा? तुमचा हिशेबाचा कॉम्प्युटर-प्रोग्राम अडला की व्यापारी अकरा वर्षं मलाच विचारत आलेत, "वहिनी, आता कुठलं बटण?" घटस्फोटानंतरही मी सांगत राहिले. तुम्ही त्याला 'आमची ग्राहकसेवा' म्हणता.

कंपनी विकत घ्यायला आलेले परदेशी पाहुणे उद्या यार्डातल्या हिंमतशेठच्या गाळ्यावर बसून ती सेवा बघणार आहेत म्हणे. नेमकं एक एप्रिललाच! नवं आर्थिक वर्ष उघडताना तुमचा प्रोग्राम दरवर्षी अडतो, हे तुम्हाला ठाऊकच नाही. कारण तो फोन तुमच्याकडे कधी आलाच नाही.

आज टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जाऊन मी तो नंबर बंद करून आले.

हे पत्र तुमच्या दारच्या पेटीत टाकणार नाही. टाकलं, तर तुम्ही सावध व्हाल.

आता आपली कोणीही नसलेली,
कल्याणी