सोडलेल्या ओळी

मस्कत,
रविवार

प्रिय बाबा,

तुमाले, आईले अन् वहिनीले माझा सलाम. मी बरा हाये, जेवण पोटभर भेटते. अकोटले थंडी पडली काय? डोळ्यांत औषध वेळेवर टाकता ना?

एक गोष्ट फोनवर सांगाची हिंमत झाली नाही, म्हणून लिहून राहिलो. तुमची नजर गेल्यापासून सांजच्या प्रार्थनेत मी बायबल वाचून दाखवत होतो. त्यातल्या कितीतरी ओळी मी सोडल्या. मॅच असली की अख्खं पान उलटत होतो. तुमाले दिसत नाही, म्हणून.

आज इथल्या चर्चमध्ये पेत्रानं येशूले तीनदा नाकारलं तो भाग वाचला. मी एकदा तुमाले विचारलं होतं, या पुस्तकावर एवढा भरोसा काहून? तुमी म्हणाले, "ते आपल्याच माणसांच्या चुका झाकत नाही. पेत्र येशूचा एवढा मोठा शिष्य, तरी त्याचं नाकारणं लिहून ठेवलं. असं पुस्तक मले खोटं कशाले सांगन? अन् रोज वाचलं की आपलीबी चूक दिसते."

मी मान हलवली, अन् त्याच सांजेले दोन पानं सोडली.

तुमाले अर्धं बायबल पाठ हाये. तुमाले समजतच असन. तरी एकदाही टोकलं नाही, हेच मले खाऊन राहिलं.

आता सुट्टीच्या दिवशी ते सोडलेले भाग मोठ्यानं वाचतो. पण ऐकाले तुमी नाही.

तुमचा,
सायलस

वहिनी, हे पत्र तुमालेच बाबाले वाचून दाखवा लागन. त्यायले वाईट वाटन म्हणून एकबी ओळ सोडू नका.