सासऱ्यांची म्हैस आणि माझं पोट

बोरी अरब, ३ ऑगस्ट १९६१
पुन्हा पोट. इ. ४ थीचे पाढे चालू असताना टमरेल घेऊन पळालो. परत आलो तर पोरं माना खाली घालून हसत होती. मास्तरकीची अब्रू गेली.
दवाखान्यात गेलो. डॉ. म्हणाले, तिखट बंद, काही दिवस दुधावर राहा. सौ. खूश. म्हैस तिच्या बाबांनी दारव्ह्याहून धाडलेली, महिन्याभरापूर्वीच व्यायली. घरात दूधच दूध.

११ ऑगस्ट
सकाळी दूध, दुपारी दूध-भात, रात्री पुन्हा दूध. पोटाचा नगारा झालाय. डॉ. म्हणतात, धीर धरा. किती धरायचा? चिडून सौ.वर ओरडलो, तर तिने काळजीने आणखी एक पेला पुढे केला. तोही प्यायलो.

१९ ऑगस्ट
फळ्यावर लिहिता लिहिता डोक्यात आलं. उन्हाळ्यात म्हैस आटली होती. घरात दूध नाही, गुळाचा कोरा चहा. तेव्हा मी ठणठणीत. गेल्या खेपेला म्हैस दुभती होती तेव्हाही पोट बिघडायचं, मी विहिरीच्या पाण्याला नावं ठेवत बसलो. दूधच बाधतं की काय? पण लहानपणी तांब्या तोंडाला लावायचो. आताच काय झालं?
सौ.ला सांगितलं.
"दुधानं कधी पोट बिघडते काय? लहान लेकरं कशावर जगतात मंग?"
म्हटलं, माझं बिघडतं.
"माह्या बाबाची म्हैस तुमच्या डोयात खुपून राह्यली, तसं सांगा ना."


२७ ऑगस्ट
दूध बंद. ताक चालतं, नवलच आहे. पोट शांत, घर अशांत. सौ. भांडी आपटते. दूध शेजारी देऊन येते आणि मला ऐकू जाईल असं म्हणते, "आमच्या घरी पिणारं कोणी नाही." लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलला नाही. बोलून गेली आणि स्वतःच चुलीपाशी जाऊन बसली.

३ सप्टेंबर
काल पुसदला शिक्षकांची सभा. सौ.ने शिदोरी दिली, अबोला असूनही. दिग्रसच्या पुढे बस थांबवायला लावली. बाभळीआड मी, आणि खिडक्यांतून सगळी बस बघतेय. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, आरामात होऊ द्या." मेल्याहून मेल्यासारखं झालं.
म्हणजे दूध नव्हेच. इतके दिवस थेंब नाही, तरी हे. उगाच तिच्या माहेरावर घसरलो. घरी येऊन तसं कबूल केलं. तिने पेला भरून दिला, मी समेट म्हणून रिकामा केला. रात्रभर जे झालं ते लिहीत नाही.

५ सप्टेंबर
आज सहज विचारलं, शिदोरीतल्या दशम्या कशात भिजवल्या होत्या?
"दुधात. दशमी काय पान्यात भिजवतात? दुसऱ्या दिवशी चामडं झाली असती."
मग दूध बंद म्हणजे काय?
"ते काय दूध हाय? ते तर पीठ झालं."
खूप चिडलो. बोललो नको ते. ती पदर तोंडाला लावून रडली. नंतर वाटलं, मला तरी कुठं सुचलं? जन्मभर दशम्या खाल्ल्या. बसमध्ये सगळ्या संपवल्या, वर मनात म्हटलं की काय मऊ झाल्यात.

१७ सप्टेंबर
पोळा झाला, तसे सासरे आले. आल्या आल्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग स्वतः पेला घेऊन माझ्यापुढे. "घ्या जावईबुवा." मी पेल्याकडे बघत बसलो. घ्यावा म्हणून हात पुढे केलाही.
सौ. दारातून म्हणाली, "बाबा, त्याईले दूध सोसत नाही."
"काहून?"
"नाही सोसत. ताक चालते. म्या पाह्यलं ना."
सासऱ्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "नातवाले दूध कमी पडू नये म्हनून देल्ली होती म्हैस. इथं मानूस ताक पिऊन राह्यला." जाताना सांगितलं, बाजाराच्या दिवशी माणूस धाडतो, त्याच्याबरोबर म्हैस लावून द्या.
तिने माझी बाजू घेतली. मला बरं वाटायला हवं होतं.

२० सप्टेंबर
माणूस उद्या सकाळी येणार. पोट बरं आहे. इतकं बरं कित्येक दिवसांत नव्हतं, आणि मला त्याचाच राग येतोय.
सौ. दिवसभर गोठ्यात. संध्याकाळी विचारलं, विरजण लावलंस? म्हणाली, लावलं. म्हशीच्या सकाळच्या आंबोणाची सरकी भिजवलीस? घमेलं भिंतीला कोरडंच टेकलेलं.
"ठेवायची का धाडायची, तुमीच सांगा," म्हणाली. "मले इचारू नका."
उठलो, घमेल्यात सरकी ओतली आणि वर पाणी घातलं. ती बघत होती. माणूस सकाळी पहिल्या गाडीने येईल.